हळवं वर, गरवं खाली

माहेरी मला सगळे हळवी म्हणायचे. बकरी विकली की मी रडायचे, आलेली पाहुणी परत निघाली की रडायचे, आणि वडील दुसऱ्या कुणावर खेकसले तरी डोळे माझेच भरायचे. "ही आमची लई हळवी हाय, हिला जपून," असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. तिथं एका धड्याखाली हाच शब्द आला आणि गुरुजींनी फळ्यावर अर्थ लिहिला, हळवा म्हणजे कोमल मनाचा. मी तो वहीत उतरवून घेतला. आपल्याला घरी जे म्हणतात ते पुस्तकातही आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

माझं माहेर कऱ्हेकाठचं. तिकडं बाजरी, ज्वारी, मटकी. पाऊस आला तर आला. लवकर येणाऱ्या पिकाला आम्ही आगाप म्हणायचो. भात आमच्याकडं सणाला, तोही विकतच्या तांदळाचा. असं असून वडिलांनी मला मावळात दिली. आत्या म्हणाली, तिकडं चार महिने ऊन दिसत नाही, पोरीची हाडं भिजतील. पण मुलगा मुंबईला गिरणीत होता, निर्व्यसनी होता, आणि घरात सासूशिवाय दुसरं कुणी नव्हतं. वडिलांना ते बरं वाटलं. एकटी सासू म्हणजे जाच कमी, असा त्यांचा हिशेब.

वैशाखात लग्न झालं. नसरापूरपर्यंत बैलगाडी, आणि तिथून पुढं नदीच्या कडेकडेनं गुंजवण्याकडं पायी. तेव्हा धरण नव्हतं, एसटी नव्हती. राजगड डाव्या हाताला ठेवून, मग समोर घेऊन, आम्ही दिवसभर चाललो. गावात वीस-पंचवीस घरं. आमचं घर सगळ्यांच्या वरच्या अंगाला, शेजार नसलेलं. हे लग्नानंतर बारा दिवस राहिले आणि मुंबईला गेले. निघताना मी रडले. ते गोंधळून उभे राहिले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि "शिमग्याला येतो," एवढं म्हणून उतरून गेले. त्यांचा चेहरा मला चार दिवसांत नीट आठवेनासा झाला. अंगाला येणारा सुताचा, तेलाचा वास तेवढा आठवायचा.

मग घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. उंच, काटकुळ्या, पाठीत किंचित वाकलेल्या. त्या रागीट नव्हत्या. जाच तर नव्हताच. पण त्या बोलत नसत. सकाळी उठल्यावर "पानी," दुपारी "भाकर," संध्याकाळी "दिवा." एवढ्यात त्यांचं काम भागायचं. काय करायचं ते हातानं दाखवायच्या. म्हशीशी मात्र बोलायच्या. धार काढताना त्यांचा आवाज बाहेर ऐकू यायचा आणि मी ओट्यावर बसून तो ऐकायचे. मला वाटायचं, यांनी मला एकदा तरी शिव्या द्याव्यात. शिव्यांना निदान दहा-बारा शब्द लागतात.

रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजून झाला होता. पाऊस लागला, पेरणी झाली, रोपं वर आली. माझ्या दृष्टीनं ते सगळं हिरवं गवत होतं. आत्याबाई कुणाशी बोलताना हळवं, गरवं असे शब्द वापरायच्या. गरवं मला ठाऊक नव्हतं. हळवं ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही.

आषाढात लावणी सुरू झाली. गावात सावड होती. आज यांच्या खाचरात सगळ्या बाया, उद्या त्यांच्या. मी पावसासाठी पाठीवर पानांचं इरलं घेऊन रांगेत उभी राहायचे. बाया गाणी म्हणायच्या, त्यातली निम्मी मला कळायची नाहीत. माझी रांग वाकडी जायची. त्या हसायच्या, मग कुणीतरी माझ्या हातातली रोपांची मूठ घेऊन माझी बाजू पुरी करायची. आमची सगळी लावणी उरकली. फक्त ओढ्यापलीकडची दोन खाचरं राहिली, एक वर चढावर आणि एक खाली सखल. ती आत्याबाई आणि मी, दोघींनी लावायची असं ठरलं होतं. त्यांनी रोप उपटून मुठी बांधल्या, खालच्या खाचराच्या कोपऱ्यात पाण्यात दोन ढीग करून ठेवले, आणि त्याच संध्याकाळी त्यांना हिवताप भरला.

सकाळी त्या घोंगडीखाली थरथरत होत्या. मी गुळवेलीचा काढा दिला. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "रोप कुजंल. तूच लाव जा. हळवं वरल्या खाचरात, गरवं खालल्यात."

"व्हय," मी म्हणाले.

"काय म्हन्ले म्या?"

"हळवं वर, गरवं खाली."

त्यांनी मान हलवली आणि तोंडावर घोंगडी ओढली.

मी ओढा ओलांडून गेले. पाऊस बारीक होता. कोपऱ्यात दोन ढीग. एकातलं रोप काळंभोर, जाड, ताठ. दुसऱ्यातलं पिवळट, बारीक, शेंडा पाण्यात लोळणारं. कुठलं हळवं, हे मला कुणी सांगायची गरजच वाटली नाही. जे बघून पोटात कालवतं तेच हळवं. मी पिवळ्या मुठी पाटीत भरल्या आणि वरच्या खाचरात नेल्या. मनात आलं, एवढ्या नाजूक रोपाला वरचं दगडगोट्याचं खाचर का, खाली मऊ चिखल आहे की. पण मोठ्या माणसाचं सांगणं. दोन दिवस मी एकटीनं लावलं. रांग वाकडी झाली तरी हसायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेवटची मूठ संपली तेव्हा मी कंबर धरून बांधावर उभी राहिले आणि मला पहिल्यांदाच वाटलं, हे माझं रान आहे. घरी जाऊन सांगितलं, "झालं." आत्याबाईंचा ताप उतरला होता. त्या म्हणाल्या, "बरं."

श्रावणात तिकडं ऊन-पावसाचा खेळ नसतो, नुसताच पाऊस असतो. धुकं दारापर्यंत यायचं. समोरचा डोंगर आठ-आठ दिवस दिसायचा नाही. कोठीतलं भात संपलं होतं. नाचणीची भाकरी आणि रानभाजी. मी घरातला प्रत्येक छापील कागद वाचून काढला होता. साबणाच्या वेष्टणावरची अक्षरं, देवळीतल्या जुन्या पंचांगाचं उरलेलं अर्धं. वाचून संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

पंचमीच्या आदल्या दिवशी चुलत सासरे नसरापूरच्या बाजाराहून आले आणि मुंबईचं पत्र देऊन गेले. ते आत्याबाईंच्या धाकट्या दिराच्या नात्यानं, वयानं साठीचे. ओढ्यापलीकडं आमच्या खाचराला लागून त्यांचं रान. पत्र आत्याबाईंच्या नावाचं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. आजवर त्या पत्र घेऊन कुणाकुणाच्या दारी जायच्या. त्या दिवशी त्यांनी ते माझ्यासमोर धरलं आणि त्या भिंतीला टेकून बसल्या.

मी मोठ्यानं वाचायला लागले. नमस्कार, खुशाली, गिरणीत पाळी बदलली, पावसानं खोलीत ओल आली. मग पुढची ओळ डोळ्यांना दिसली आणि मी थांबले.

"का गं?"

"अक्षर लागंना."

"बग नीट."

मग वाचावंच लागलं. "तुझी सून मनाने हळवी आहे असे तिचे वडील म्हणाले. तरी तिला रागे भरू नये."

माझ्याच विषयी, माझ्याच तोंडानं. मी मान खाली घातली. पण आत्याबाई एकदम हसल्या. त्या घरात मी त्यांचं हसणं तोवर ऐकलं नव्हतं.

"हळवी? हळवी मंजी काय गं, लवकर पिकती का काय तू?"

"लवकर?" मी म्हणाले.

"मंग! हळवं भात दसऱ्याला घरात येतंय. गरव्याला दिवाळीचं फुडं लागतं. म्हनून तर हळवं वर लावायचं. वरलं पानी हत्तीचा पाऊस गेला की आटतंय, तवर हळवं मोकळं हुतंय. गरव्याला शेवटपतूर वल पायजे, ते खाली." त्या रंगात आल्या होत्या. "औंदा हळव्याचं रोप कसं काळंभोर आलं व्हतं. गरव्याचं त्या आंब्याच्या सावलीनं पिवळं पडलं. पर त्ये गरवं हाय, सावकाश बळ धरंल."

मी पत्राची घडी घातली. घडी नीट बसेना. आत्याबाई त्या दिवशी जेवढ्या बोलल्या तेवढ्या आधीच्या तीन महिन्यांत मिळून बोलल्या नव्हत्या, आणि त्यातलं पुढचं काहीच मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचमी. बाया झोके घेत होत्या आणि मी ओढ्यापलीकडं गेले. दोन्ही खाचरं हिरवीगार. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. वरच्या खाचरातला रोपांचा एक चूड मी उपटून बघितला. मुळं पांढरी, लांब, चिखलाला घट्ट धरून होती. सगळं उपटून पुन्हा बदलून लावायचं माझ्या मनात आलं होतं. त्या एका चुडानंच सांगितलं की आता ते होणार नाही. मी तो पुन्हा चिखलात दाबला.

त्यानंतर महिनाभर मी ते पोटात ठेवलं. सांगायला गेले नाही असं नाही. एकदा दळताना सुरुवात केली, "आत्याबाई, ते वरचं खाचर..." त्यांनी जातं न थांबवता माझ्याकडं बघितलं आणि मी म्हणाले, "तिथला बांध फुटलाय." फुटला नव्हता. त्या भर पावसात तो बघायला निघाल्या, तेव्हा मीच धावत पुढं गेले आणि परत येऊन सांगितलं, बुजवला. एकदा धार काढून झाल्यावर. एकदा देवाजवळ. दर वेळी मी दुसरंच काहीतरी विचारलं. माहेरी असते तर मी पहिल्याच दिवशी रडून सगळ्या आळीला सांगितलं असतं. इथं रडू येत नव्हतं. रडायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं, हे मला तेव्हा कळलं.

भादव्याच्या सुरुवातीला खालचं खाचर निसवलं. सगळी सखल रानं हिरवी, आणि मधेच आमच्या तेवढ्या तुकड्यावर लोंब्या बाहेर. ते पहिल्यांदा चुलत सासऱ्यांनी बघितलं. ते आमच्या अंगणात आले. दोन बाया पाण्याला चालल्या होत्या, त्याही थांबल्या.

"वयनी, खाली हळवं लावलं व्हय औंदा?"

आत्याबाई ओढ्याकडं चालू लागल्या. मी दारात उभी होते. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"व्हय भावजी," त्या म्हणाल्या. "पोरीनं म्या सांगितलं तसंच केलं आसंल. तापात माज्याच तोंडातनं उलटं गेलं."

"आरं द्येवा. तापातली लावनी!" चुलत सासरे हसले. बायाही हसल्या. आत्याबाई माझ्याकडं वळल्या नाहीत. त्यांना माझ्यावर संशयही आला नाही. मला म्हणाल्या असत्या की तूच चुकलीस, तर मी तिथंच कबूल केलं असतं. पण त्यांनी दोष स्वतःवर घेतला, आणि तो माझ्यासाठी नव्हे. त्यांना तसंच वाटत होतं.

मग त्यांच्यात फरक पडायला लागला. आमटीत मीठ टाकून झाल्यावर विचारायच्या, "टाकलं का गं म्या?" गोठ्याची आडणी लावली की नाही ते दोनदा जाऊन बघायच्या. बी-बियाणाच्या मडक्याला हात लावीनात. एकदा म्हशीच्या नावाशी अडखळल्या आणि तशाच हातात चरवी घेऊन बसून राहिल्या. दुपारी चुलीपुढं मला म्हणाल्या, "माजी आई अशीच झाली व्हती. आदी शबुद उलटं व्हायला लागलं, मंग मान्सं वळकंना. मला म्हनायची, तू कुनाची गं?" आणि उलटलेलीच भाकरी पुन्हा उलटली.

मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून बाहेर येत होत्या, तेव्हा मी आडवी जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, तुमी चुकला न्हाई. तुमी बरोबरच सांगितलं व्हतं. म्याच उलटं लावलं."

त्या थांबल्या. "काय सांगितलं व्हतं म्या?"

"हळवं वर, गरवं खाली."

"पुन्ना बोल."

"हळवं वर, गरवं खाली. तुमी माझ्याकडनं ते म्हणवून बी घेतलं. मला हळवं मंजी काय ते ठावं नव्हतं. मला वाटलं, नाजूक. पिवळं रोप बघितलं, ते वर नेलं."

त्यांनी पाटी खाली ठेवली. शेणाचे हात तसेच अधांतरी धरून त्या उंबऱ्यावर बसल्या. "मंजी माजं डोस्कं शाबूत हाय," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. मग मनगटानं डोळे पुसले. भाताचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं, सुटले.

मग त्यांनी वर बघितलं. "तुला कवा कळलं?"

"पत्र वाचलं तवा."

"पंचमीला?"

"व्हय."

"आन् येवढं दिस? म्या मीठ टाकलं का इचारत हुते, ते बगत व्हतीस तू?"

"भ्या वाटलं," मी म्हणाले.

"कशाचं भ्या? कदी हात उगारला म्या तुज्यावर?"

"न्हाई. पर तुमी बोलत बी न्हाई. तुमच्याजवळ सांगायचं कसं?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. "ह्यो मुंबैला गेल्यापास्नं ह्या घरात म्या येकलीच," आत्याबाई म्हणाल्या. "आट वर्सं. कुनासंगं बोलायचं? सवच मोडली." आणि उठून हात धुवायला गेल्या.

त्यानंतर काही सगळं गोड झालं असं नाही. त्या दिवशी त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या मुकेपणात राग ओळखू आला, एरवीचं त्यांचं गप्प असणं निराळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुदळ आणि खोरं घेऊन दारात उभ्या राहिल्या. "चल," म्हणाल्या. "वरच्याला पानी मिळतंय का बगू."

हत्ती नक्षत्राचा पाऊस त्या साली दोन दिवस पडला आणि गेला. वरच्या खाचराला भेगा पडायला लागल्या होत्या आणि गरव्याच्या दांड्यात अजून लोंबी धरली नव्हती, ते पोटरीतसुद्धा आलं नव्हतं. आत्याबाईंनी ओढ्याची वरची वळणं बघितली आणि एका जागी खूण केली. तिथून बारीक पाट काढायचा, चुलत सासऱ्यांच्या बांधाच्या कडेनं, आमच्या खाचरात. चुलत सासऱ्यांनीही बांधाला हात लावू दिला. आम्ही पाच दिवस खणत होतो. मी कुदळ मारायचे, त्या माती ओढायच्या. हाताला फोड आले, फुटले. मधे बसलो की त्या बोलायच्या. सलग नव्हे. एक वाक्य, मग खोऱ्याचे दहा-वीस हात, मग दुसरं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हे घर नव्हतं, नुसता गवतापानांचा झाप होता. त्यांना दोन मुली झाल्या होत्या आणि दोन्ही गेल्या. नवरा गेला त्या साली मुलगा बारा वर्षांचा होता. हे सगळं त्या समोरच्या मातीला सांगत असल्यासारखं सांगायच्या. मी मधे बोलले तर थांबतील, म्हणून मी नुसती खणत राहिले.

सहाव्या दिवशी पाणी आलं. करंगळीएवढी धार. खाचराच्या वरच्या अंगाला ती पोचायची नाही. तिथलं भात आम्ही हिरवंच कापून म्हशीला घातलं. खालची निम्मी बाजू भिजत राहिली.

तिकडं सखल खाचरातलं हळवं पिकलं. आजूबाजूला दुसरं पिकलेलं काही नसल्यानं खोऱ्यातली सगळी पाखरं तिथं उतरली. मी दिवसभर डबा वाजवत बांधावरून फिरायचे. बांध फोडला तरी खालून पाणी पाझरतच राहिलं. काही भात आडवं होऊन पाण्यातच उगवलं. गुडघाभर चिखलात उभं राहून आम्ही ते कापलं. त्याचा तांदूळ काळसर निघाला आणि कांडताना निम्म्याच्या कण्या झाल्या. दसऱ्याला त्याच कण्यांचा भात केला. आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "खराब न्हाई." दिवाळीनंतर वरच्या खाचरातलं गरवं झोडलं. त्यात पोचट फार. जे निघालं त्याची एक लहान कणगीसुद्धा भरली नाही. त्या उन्हाळ्यात आमचा तांदूळ चैत्रातच संपला आणि पुढं नाचणीवर काढावं लागलं.

गावात ती "तापातली लावनी" पुष्कळ वर्षं चालली. पेरणी आली की कुणीतरी आत्याबाईंना विचारायचंच, "म्हातारे, औंदा ताप न्हाई न्हवं?" एकदा मला ते सहन होईना. मी म्हणाले, "चूक माझी व्हती हे मी सांगते सगळ्यांना." त्यांनी मला घरात नेऊन दार लोटलं.

"सांगू नगं. तुला ह्या गावात आजून लई दिस काडायचेत. मला थोडंच ऱ्हायलेत. हसू दे मला हसत्यात तर."

त्या पत्राचं उत्तर आम्ही कार्तिकात लिहिलं. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. खुशाली, म्हैस व्याली, घराचं कूड सारवलं. मग त्या म्हणाल्या, "लिही, तुजी बायकू हळवी न्हाई. गरवी हाय. उशिरा पिकती." मी हसत हसत लिहिलं. हे शिमग्याला आले तेव्हा त्यांनी विचारलं, आईनं ते काय लिहिलं होतं? मला सांगायचं होतं. पण त्याआधी रोप कुठलं, खाचर कुठलं, पाट कसा काढला, आत्याबाई मिठाचं का विचारायच्या, हे सगळं सांगावं लागलं असतं. ते आठ दिवसांसाठी आले होते. त्यांना भेटायला रोज कुणी ना कुणी येत होतं. मी म्हणाले, "गंमत केली त्यांनी." तेही "असं होय," म्हणाले. पुढंही कधी तो विषय निघाला नाही. आमचा संसार असा सणासुदीचाच झाला. ते यायचे, जायचे. दोन मुलं झाली. मुंबईला बिऱ्हाड करायचं बोलणं दर साली निघायचं आणि दर साली खोली मिळायची नाही. माझे दिवस गेले ते आत्याबाईंबरोबर. अकरा वर्षं. शेवटपर्यंत त्यांचं बोलणं कमीच राहिलं, पण ते मला पुरायला लागलं होतं.

त्या गेल्या दुसऱ्या लढाईच्या अखेरच्या दिवसांत, आषाढातच. छातीत कफ झाला होता. नदीला पूर होता, पलीकडं जायला वाट नव्हती, वैद्य आणायचा कुठून. दिवसभर मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मुलांना चुलत सासऱ्यांच्या घरी ठेवलं होतं. तिसऱ्या प्रहरी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "उगडलंय का बग." मी उठून दार उघडलं. पाऊस होता तसाच होता. "न्हाई, चालूच हाय," असं सांगत मी परत आले. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. दिवेलागणीच्या आधीच संपल्या.

मुंबईला तार करायची तर भोरला जायला हवं होतं. पूर ओसरल्यावर एकजण गेला. हे पोचले ते दहाव्याच्या दिवशी, नखशिखांत भिजलेले, वहाणा हातात. क्रियाकर्म झालं. माणसं पांगली. हे ओट्यावर बसले होते, मी आत चूल पेटवत होते. ओल्या लाकडांचा धूर झाला होता. ते बाहेरूनच म्हणाले,

"शेवटी काय म्हणाली आई?"

"उगडलंय का बग, म्हणाल्या."

"आणि?"

मी फुंकणी खाली ठेवली. बाहेर त्यांची पाठ दिसत होती, केस मागून पांढरे झाले होते, ते मी तेव्हाच पाहिलं.

"तुमचं नाव घेतलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं ते उठले, खुंटीवरची घोंगडी घेतली आणि मुलांना आणायला खाली गेले.